वीराचा कंठ

रोमचा सेनापती ज्यूलियस सीझर ईजिप्तच्या भूमीवर पाऊल ठेवतो, जयघोष करणाऱ्या लोकांसमोर पद म्हणावयास तोंड उघडतो, आणि प्रेक्षकांच्या कानी येतो तो निःसंशय स्त्रीचा असा आवाज. हँडेलचे ‘जूलियो चेझारे’ हे संगीतनाटक प्रथमच पाहणाऱ्या माणसाला या ठिकाणी हसू आले, तर त्यास आम्ही अरसिक म्हणणार नाही. सेनापतीचा पोशाख, कमरेची तलवार, चालण्यातील डौल आणि त्यातून निघणारा तो कंठ यांचा मेळ बसवावयास कानाला थोडा अवधी लागतो. लंडन येथे १९७९ साली जॅनेट बेकर यांनी आणि ग्लाइन्डबोर्न येथे २००५ साली सेरा कॉनोली यांनी ही भूमिका केली. त्यांचे गायन आज कोणासही घरबसल्या ऐकता येते, आणि दुसऱ्या पदाच्या आत हसू मावळते असा आमचा अनुभव आहे.

परंतु मावळलेल्या हसण्याचाही विचार करावयास हवा. हसणाऱ्याच्या मनात नकळत एक सिद्धांत ठाण मांडून बसलेला असतो, तो असा की, शौर्य हे भरदार, खर्जातल्या आवाजात राहते, आणि ज्याअर्थी तसा आवाज पुरुषाचा, त्याअर्थी शौर्याचे गाणेही पुरुषाचेच. हा सिद्धांत खुद्द हँडेलच्या काळाला ठाऊक नव्हता. स्थूलमानाने १६०० पासून १७५० पर्यंत ज्यास बरोक कालखंड म्हणतात, त्यातील इटालियन संगीतनाटकात ढाला पुरुषी आवाज सेनापतीच्या हाताखालच्या सरदाराला, वृद्ध बापाला किंवा खलपुरुषाला मिळे. नायकाचा स्वर चढाच असावयाचा. तारुण्य, कुलीनता, प्रेमातील व्याकुळता आणि रणांगणावरील आवेश ही सारी त्या काळच्या कानाला उंच स्वरातच ऐकू येत. म्हणून १७२४ च्या २० फेब्रुवारीस लंडनच्या हेमार्केटमधील नाटकगृहात सीझर प्रथम गायला तेव्हाही त्याचा आवाज पुरुषी नव्हता. तो गाणारा फ्रांचेस्को बेर्नार्दी उर्फ सेनेसीनो हा ‘कास्त्रातो’ होता.

या शब्दाचा अर्थ सांगताना लेखणी अडखळते. आमचा शेतकरी गोऱ्ह्याच्या बाबतीत जो खच्ची करण्याचा शब्द वापरतो, तोच येथे माणसाच्या मुलाच्या बाबतीत वापरावा लागतो. गळा गोड आहे असे दिसले की वयात येण्यापूर्वीच मुलावर ती शस्त्रक्रिया करीत. त्यामुळे कंठ फुटत नसे. स्वरयंत्र लहान मुलासारखेच राही, छाती मात्र प्रौढ पुरुषाची होई, किंबहुना तीहून विशाल होई. मुलाचा कंठ, पुरुषाचा दमसास आणि त्यांवर दहा-दहा वर्षांची कठोर तालीम, अशा संयोगातून जो आवाज निपजे त्यास युरोपातील राजेरजवाडे वेडे झाले होते. हजारांतून एखादा सेनेसीनो होई. बाकीच्यांतले कोणी एखाद्या देवळाच्या गायकवर्गात पोट भरीत, तर कोणाचा गळा पुढे साधाच निघे आणि देहाचे झालेले नुकसान तेवढे पदरी राही.

येथे आमचा प्रश्न उभा राहतो. जे सौंदर्य असल्या क्रौर्याची किंमत देऊन विकत घेतले गेले, ते आज आपण निर्वेध मनाने उपभोगावे काय? कोणी म्हणेल, मुले कधीच मरून गेली, पदे मात्र अमर आहेत. आता हळहळून काय होणार? हे उत्तर आम्हांस पटत नाही, कारण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती ही की, त्या पदांना त्या सुरीची गरज होती. वस्तुतः गरज होती की नव्हती, हेच आधी तपासले पाहिजे; आणि ते तपासताना वीरवेषातील गायिका ही सर्वांत महत्त्वाची साक्षीदार ठरते.

ही प्रथा कोठून आली? स्त्रियांनी देवळात मौन पाळावे या संत पॉलच्या वचनाचा आधार घेऊन चर्चने स्त्रीकंठ प्रार्थनागृहाबाहेर ठेवला होता, आणि पोपच्या राज्यात तर नाटकगृहातूनही तो हद्दपार झाला होता. पण उंच स्वरावाचून गायन अपुरे. मुलांचे गळे दोन-चार वर्षांत फुटतात. तेव्हा १५९९ पासून पोपच्या खास गायकवर्गात कास्त्रातो उघडपणे घेतले जाऊ लागले. शस्त्रक्रिया करणे हा मात्र गुन्हा व महापाप! करणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा, आणि झालेल्या कामाच्या फळास वेदीजवळची जागा, असा हा न्याय होता.

या न्यायाचे खरे स्वरूप इंग्लिश संगीतेतिहासकार चार्ल्स बर्नी याने १७७० साली इटलीत केलेल्या प्रवासाच्या वृत्तांतात जसे उघडे पडले आहे तसे इतरत्र क्वचितच पडले असेल. मुलांना खच्ची करण्याचे काम चालते तरी कोठे, याची तो गावोगाव चौकशी करीत होता. मिलानमध्ये त्यास सांगण्यात आले की, ते व्हेनिसला होते. व्हेनिसच्या लोकांनी बोलोन्याकडे बोट दाखविले. बोलोन्यात त्यांनी कानांवर हात ठेवले व फ्लोरेन्सचे नाव घेतले; फ्लोरेन्सने रोमचे घेतले, आणि रोमने त्याला नेपल्सला पाठविले. संबंध देश ज्या आवाजावर लुब्ध, त्याचे उत्पत्तिस्थान सांगावयास एकही गाव तयार नाही! मनुष्य ज्या कृत्याचे समर्थन करू शकतो ते तो शेजाऱ्याच्या दारात टाकीत नाही. ‘त्या काळची नीतीच निराळी होती, आजच्या मापाने ती मोजू नका,’ असे सांगणाऱ्या पंडितांना बर्नीचे हे एक पान दाखवावे. त्या काळालाही लाज वाटत होती. फक्त लाजेपेक्षा हाव मोठी होती.

आता साक्षीदाराकडे वळू. मार्गेरिता दुरास्तांती ही इटालियन गायिका. १७०८ च्या ईस्टरच्या रविवारी रोममध्ये रुस्पोली या सरदाराच्या वाड्यात तरुण हँडेलचे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावरील संगीतकाव्य गायिले गेले, आणि तीत मेरी मॅग्डलीनची पदे दुरास्तांतीने म्हटली. पवित्र विषयात स्त्रीचा कंठ योजला म्हणून पोपने रुस्पोलीची कानउघाडणी केली. पुढल्या प्रयोगास दुरास्तांतीला बाजूस सारून तिच्या जागी एक कास्त्रातो उभा करण्यात आला. वाचकांनी क्षणभर थांबून हे नीट पाहावे. मेरी मॅग्डलीन स्त्री. तिचा शोक स्त्रीचा. तो गाणारी स्त्री हजर, तयार आणि गुणी. तिने गाणे हे अपवित्र, आणि अवयवच्छेद केलेल्या पुरुषाने तेच गाणे हे पवित्र! शुचितेच्या कल्पनेला विवेकाचा लगाम नसला म्हणजे ती कोठवर जाऊन पोहोचते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको.

हीच दुरास्तांती बारा वर्षांनी, १७२० च्या एप्रिलात, लंडनच्या रंगभूमीवर हँडेलच्याच ‘राडामिस्तो’ या नाटकात उभी राहिली, ती नायिका म्हणून नव्हे. थ्रेसचा राजपुत्र राडामिस्तो, शत्रूने वेढलेला योद्धा, हीच तिची भूमिका होती. रोममध्ये जिला स्त्री होता येईना, ती लंडनमध्ये वीर झाली.

यावर आक्षेप ठरलेला आहे. तो असा की, सेनेसीनो इटलीहून अजून पोहोचला नव्हता, म्हणून स्त्रीवर भागविले. ती निव्वळ तात्पुरती सोय होती. आक्षेपात तथ्य आहे आणि ते आम्ही लपवीत नाही. हँडेलला सेनेसीनो हवा होता. परंतु सोय म्हणून त्याने काय केले ते पाहावे. त्याच मंडळीत बाल्दास्सारी नावाचा एक कास्त्रातो होता. त्यास दुय्यम भूमिका मिळाली. मंडळीत पुरुषी आवाजाचे गवईही होते. नायकाची पदे खाली उतरवून त्यांच्या गळ्यात बांधणे हँडेलसारख्याला अवघड नव्हते. तसे न करता त्याने वीर स्त्रीच्या हाती दिला. ‘रिनाल्दो’ या नाटकातील धर्मयोद्ध्याची भूमिका १७११ मध्ये निकोलीनी या कास्त्रातोसाठी लिहिलेली; पुढे १७१४ साली ती दियाना व्हीको या स्त्रीने केली. खुद्द ‘जूलियो चेझारे’मध्ये बापाच्या खुनाचा सूड घेण्यासाठी तळमळणारा सेस्तो हा कुमार प्रथमपासून स्त्रीचाच, आणि ती स्त्री पुन्हा दुरास्तांतीच.

शिवाय जेथे सोयीचा प्रश्नच नव्हता तेथले दाखलेही आहेत. १७२७ साली व्हेनिसच्या सांत आंजेलो नाटकगृहात व्हिवाल्दीचे ओर्लांदोच्या उन्मादावरील नाटक झाले. मंडळीत कास्त्रातो होता आणि त्याच्याकडे रुज्जेरोची भूमिका होती. प्रेमभंगाने वेडा होऊन रान उद्ध्वस्त करणारा महावीर ओर्लांदो मात्र लूचिया लान्चेत्ती या गायिकेने उभा केला. त्याच व्हेनिसमध्ये पिएता नावाच्या अनाथाश्रमातील मुलींसाठी व्हिवाल्दीने १७१६ साली ज्यूडिथची कथा स्वरबद्ध केली. तीत असीरियाचा सेनापती होलोफर्नीझ, त्याचा दास, सारी पात्रे मुलींच्याच गळ्यातली. जाळीआड उभ्या राहून त्या गात. नेपल्सच्या अनाथाश्रमांत मुलांचे काय होत होते हे आठवले म्हणजे व्हेनिसची ही जाळी वाईटच, तरी पुष्कळ बरी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

पण या सर्वांवर कळस म्हणजे १७२५ सालचा नेपल्सजवळचा एक खाजगी प्रयोग. योहान आडोल्फ हास्से हा तरुण जर्मन संगीतकार. त्याने अँटनी व क्लिओपात्रा या दोघांपुरते एक छोटेसे संगीतनाट्य रचले. गाणारी पात्रे दोनच, आणि ती कोण? एक कार्लो ब्रोस्की उर्फ फारिनेल्ली, वय वीस, पुढे ज्याची कीर्ती साऱ्या युरोपात झाली तो कास्त्रातो. दुसरी व्हित्तोरिया तेझी, फ्लोरेन्सची गायिका, जिच्या आवाजात पुरुषी जोर होता आणि जी खालच्या पुरुषी स्वरासाठी रचलेली पदेही लीलेने म्हणे, अशी साक्ष क्वान्ट्स या संगीतज्ञाने दिली आहे. हास्सेने अँटनी तेझीला दिला आणि क्लिओपात्रा फारिनेल्लीला. अगतिकता नव्हती, भूमिकांची नुसती अदलाबदल केली असती तरी काम भागले असते. फारिनेल्लीचा कंठ उंच, तेझीचा ढाला. म्हणून राणी त्याची आणि रणधुरंधर तिचा. देह कोणाचा कसा आहे हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. कंठ कसा आहे एवढेच पाहिले गेले.

आमचे म्हणणे याच ठिकाणी येऊन ठरते. ज्या संगीतात अँटनी, ओर्लांदो, राडामिस्तो आणि होलोफर्नीझ स्त्रियांनी गायिले, व ज्यांच्यासाठी पदे रचली गेली त्या रचनाकारांनीच ते त्यांच्याकडून गाऊन घेतले, त्या संगीताला सुरीची गरज नव्हती. गरज होती ती आधी एका निषेधाला, आणि मागाहून एका चटकेला. निषेधाबद्दल वर लिहिलेच आहे. चटकेबद्दल लिहिणे अधिक कठीण, कारण तेथे आरोपी आमच्यासारखाच रसिक आहे. लंडन, व्हेनिस, नेपल्स येथे स्त्रिया रंगभूमीवर मोकळेपणी गात होत्या. तेथे कास्त्रातोंवाचून नाटक अडत नव्हते. तरी लोकांना ते हवे होते, कारण तो आवाज इतर कोणत्याही आवाजासारखा नव्हता.

आणि तो तसा नव्हता हे कबूल केले पाहिजे. स्त्रीचा आवाज म्हणजे तोच आवाज, असे म्हणून आम्ही वादात सोपा विजय मिळवू इच्छीत नाही. एवढ्या मोठ्या फुप्फुसांनी एवढे लहान स्वरयंत्र फुंकले जाण्याचा जो परिणाम, तो निसर्गाच्या मार्गाने साधणारा नाही. अलेस्सांद्रो मोरेस्की या पोपच्या गायकवर्गातील कास्त्रातोच्या १९०२ व १९०४ साली घेतलेल्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. त्या आम्ही ऐकल्या. यंत्र बाल्यावस्थेत, गवई उतारवयाकडे झुकलेला, गायनाची तऱ्हाही फारिनेल्लीच्या काळाहून अगदी निराळी. त्यावरून फारिनेल्लीचा अदमास करणे म्हणजे वाळलेल्या पाकळीवरून बागेचा करण्यासारखे आहे. तथापि मधूनच एखादा स्वर असा येतो की, अंगावर काटा उभा राहतो, आणि तो काटा सौंदर्याचा की भीतीचा हे सांगता येत नाही. जगातून एक आवाज कायमचा गेला. तो गेला हे नुकसान आहे. आणि ते व्हावयासच हवे होते. काही सौंदर्ये अशी असतात की, त्यांना मुकणे हाच त्यांचा योग्य उपभोग. आणखी एक गोष्ट जाता जाता: १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताविषयी जी आज्ञा काढली तिने कास्त्रातोंचा काळ संपला खरा, पण उंच स्वर मुलांनीच गावेत, स्त्रियांनी नव्हे, हे कलम तीतही होतेच!

कास्त्रातो गेल्यावर ही नाटकेही शंभर-दीडशे वर्षे पेटीत पडून राहिली. जर्मनीत ग्योटिंगेन येथे ऑस्कर हागेन याने १९२० पासून हँडेलची नाटके पुन्हा रंगभूमीवर आणली, तेव्हा नायकाची पदे खाली उतरवून पुरुषी आवाजांना दिली; १९२२ सालचा त्याचा सीझर खर्जातच गायला. न्यूयॉर्कमध्ये १९६६ साली नॉर्मन ट्रीगल याचा सीझरही तसाच. हेतू हा की, वीर हा वीरासारखा वाटावा. परंतु एका सप्तकाने खाली ओढलेले पद म्हणजे तळमजल्यावर आणून ठेवलेले गवाक्ष. वाद्यांशी असलेले त्याचे नाते तुटते, नायक-नायिकांचे स्वर एकमेकांत गुंफले जाण्याची गंमत नाहीशी होते. मग खोट्या आवाजात, म्हणजे कृत्रिमरीत्या चढविलेल्या कंठात, गाणारे पुरुष पुढे आले. त्यांच्यात आज फार मोठे गवई आहेत. त्यांच्या गाण्यामागे कोणाचा छळ नाही, म्हणून त्यांच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. सीझर स्त्रीनेच गावा असा हट्टही आम्ही धरीत नाही. एका निषेधाच्या जागी दुसरा निषेध बसविण्यात शहाणपणा कसला? फक्त ‘पुरुषाची भूमिका पुरुषाने केली म्हणजे ती अधिक खरी’ असे जेव्हा त्यांचे चाहते म्हणू लागतात, तेव्हा आम्ही सावध होतो. व्हिंचीचे ‘आर्तासेर्से’ हे नाटक १७३० साली रोममध्ये झाले ते सर्वस्वी पुरुषांकडून, स्त्रीभूमिकांसह. २०१२ साली फ्रान्समध्ये त्याचा पुन्हा प्रयोग झाला तोही तशाच बेताने. गायन उत्कृष्ट होते. पण ज्या निषेधामुळे मूळ प्रयोगाची ती रचना झाली, तो निषेध केवळ ऐतिहासिक शोभेची वस्तू म्हणून पाहताना मन थोडे अवघडते.

खरेपणाचा हा प्रश्न जर्मन कवी गटे याने १७८८ साली फार मार्मिकपणे चर्चिला आहे. रोममध्ये त्याने गोल्दोनीच्या सुखान्त नाटकातील नायिका एका तरुण पुरुषाने केलेली पाहिली, आणि त्यास आढळले की, आपल्याला मिळणारा आनंद प्रत्यक्ष वस्तूचा नसून तिच्या अनुकृतीचा आहे. तो तरुण स्त्री नव्हता. म्हणूनच त्याने स्त्रीत्व दुरून न्याहाळले, त्याचा अभ्यास केला आणि स्वतःहून भिन्न असे काही निर्माण केले. आम्हा मराठी वाचकांना हे समजावून सांगावयास नको. नारायणराव राजहंस यांची रुक्मिणी आणि सिंधू ज्यांनी पाहिली, त्यांच्या तोंडून गटेचाच सिद्धांत दोन पिढ्यांनी ऐकला आहे. आमच्या रंगभूमीने कोणाच्या देहावर सुरी चालविली नाही. पण घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवू नये हा दंडक त्या वैभवामागेही होता, हे आपण कौतुकाच्या भरात विसरतो. गटेही विसरला. अनुकृतीतच कलेचा आनंद असेल, तर पुरुषत्व दुरून न्याहाळणारी व त्याचा अभ्यास करणारी स्त्री वीररसाला अधिक जवळची ठरावयास हवी. निबंधात त्याने तो उलटा विचार केला नाही; रोमच्या नाटकगृहात तसा विचार सुचण्याजोगे काही त्याच्या डोळ्यांपुढे नव्हते.

दुरास्तांतीच्या डोळ्यांपुढे मात्र होते. १७२० च्या अखेरीस सेनेसीनो लंडनला येऊन पोहोचला आणि २८ डिसेंबरास ‘राडामिस्तो’ पुन्हा रंगभूमीवर आले. हँडेलने नायकाची पदे त्याच्या कंठासाठी खाली घेतली आणि राडामिस्तोची पत्नी झेनोबिया हिची भूमिका दुरास्तांतीला दिली. या नाटकात एक प्रवेश असा आहे की, शत्रू पाठीवर असता झेनोबिया पतीला विनविते, मला त्यांच्या हाती पडू देऊ नका, तुम्हीच मारा. तो खंजीर उगारतो, त्याचा हात कापतो, वार निसटता लागतो, आणि ती आरॅक्सिस नदीत उडी घेते. एप्रिलात तो खंजीर दुरास्तांतीच्या हाती होता. डिसेंबरात तो तिच्यावर उगारला गेला, आणि उडी तिने घेतली. दोन्ही वेळा गाणारा गळा एकच होता.